गुलाल लावलेले डास

आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून मी गुलाल गाळत बसलो होतो, तेव्हा आईने विचारलं, हा कुठल्या देवाला. मी म्हणालो, डासांना. मग तिने ताटातला चिमूटभर गुलाल उचलला, देव्हाऱ्यात वाहिला, हात जोडले आणि म्हणाली, "आता लाव कोणाला लावायचा त्याला."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे कॉलेजात जे सांगतील ते शिक्षणच असणार, अशी घरात सगळ्यांची खात्री होती. पहिल्या वर्षी मी बेडूक कापून आलो तेव्हा आईने अंघोळ केल्याशिवाय मला आत घेतलं नाही, पण बेडूक का कापला असं काही विचारलं नाही. आता बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं, सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि मी डास पकडून, रंगवून परत सोडत होतो. हेही तिने मानलं. फक्त एकदा म्हणाली, "लोक डास मारत्यात, आन् तू सोडतोस. शेजारी विचारलं तर काय सांगू?" मी म्हणालो, सांग की मोजायला सोडतोय. तिने ते शेजारी सांगितलं नाही. मुलगा अजून पुस्तकंच वाचतो, एवढंच सांगत राहिली.

आम्ही पंचवटीत राहायचो, एका तबेल्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते तरुणपणी सिन्नरकडून इकडे आले आणि तेव्हापासून टांगा चालवत होते. सकाळी पूल ओलांडून एस.टी. स्टँडवर जायचं, गाड्यांतून उतरलेल्या यात्रेकरूंना रामकुंडावर आणायचं, पुन्हा स्टँड. मधे कोणी गावात कुठे जायचं म्हणालं तर तिकडे. तबेल्यात चार-पाच घोडी बांधलेली असत, त्यांतली तांबडी घोडी आमची. दिसायला देखणी, स्वभावाने मिरची. अनोळखी माणूस जवळ आला की आधी कान मागे टाकायची आणि मग दात पुढे आणायची. दादा मात्र गिऱ्हाइकाला सांगायचे की तिच्यासारखं गरीब जनावर शोधून सापडायचं नाही.

ही झाली घरची गोष्ट. कॉलेजात माझे वडील एस.टी.त होते.

हे कसं झालं ते सांगायला अजूनही जड जातं. वर्षाच्या सुरुवातीला प्राणिशास्त्राच्या सरांनी ओळख म्हणून प्रत्येकाला विचारलं, वडील काय करतात. माझ्या आधीच्याचे वडील बँकेत होते, त्याच्या आधीच्याचे वकील. माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहिलो आणि तोंडातून निघालं, "एस.टी.त आहेत, सर." खरं म्हणजे मला एस.टी. स्टँडवर म्हणायचं होतं, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला समजावलं. पण ते खरं नव्हतं. मला जे म्हणायचं होतं तेच मी म्हणालो.

एक खोटं बोललं की त्याला चारापाणी घालावं लागतं. सर मनमाडचे. रेल्वेच्या गावचे, पण नाशिकरोडला जाऊन गाडी धरण्यापेक्षा एस.टी. बरी, असं त्यांचं मत. दर शनिवारी ते आईला भेटायला मनमाडला जायचे. शुक्रवारी मला हाक मारायचे आणि म्हणायचे, "वडिलांना विचार रे, उद्या मनमाडला दुपारची किती वाजताची सोयीची." मी घरी येऊन दादांना विचारायचो. स्टँडच्या दारात उभं राहून दादांना निफाडची, मनमाडची, सिन्नरची, सगळ्या गाड्यांची वेळ पाठ होती. कुठली गाडी वेळेवर सुटते, कुठल्या गाडीचा ड्रायव्हर चहाला थांबतो, हेही ते सांगायचे. शनिवारी मी ते सगळं सरांना सांगायचो. सर खूश व्हायचे. एकदा म्हणाले, "तुझे वडील मोठ्या हुद्द्यावर असणार. इतकी बारीक माहिती चौकशीच्या खिडकीवरही मिळत नाही."

रस्त्यात मित्रांबरोबर असताना मागून घुंगरांचा आवाज आला की मला तो लगेच ओळखू यायचा. मग मी खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करत बसायचो. टांगा निघून जाईपर्यंत अंगठा नीट व्हायचा नाही. दादांनी मला कधी हाक मारली नाही. त्यांनी मला पाहिलं नसेल असं मी धरून चाललो होतो.

तर डास. आमच्या भागात त्या वर्षी हिवताप बराच होता. मलेरियाचे कामगार घरोघर येऊन बोटातून रक्त घ्यायचे आणि दारामागे खडूने तारीख घालून जायचे. मी स्वतः लहानपणी दोन पावसाळे हुडहुडी भरून काढले होते, अंगावर तीन गोधड्या आणि वर आई. त्यामुळे सरांनी प्रकल्पासाठी विषय विचारला तेव्हा मी डास म्हणालो. सरांना ते आवडलं. त्यांनी फळ्यावर एक टिंब काढलं आणि त्याच्याभोवती एक वर्तुळ. "या घरात ताप निघाला. इथला डास आणखी किती लांब जाईल? हे कळलं तर भोवतालची किती घरं फवारायची ते कळेल. मलेरियाच्या कचेरीतले लोक मला हेच विचारतात. पुस्तकं दुसऱ्याच देशांतली आहेत. आपल्या गावचा डास काय करतो ते आपणच बघायला हवं."

आपल्या गावचा डास. मला फार बरं वाटलं. आमच्या घरातला डास प्रथमच कोणाच्या कामाला येणार होता.

पद्धत सोपी होती. डास पकडायचे, त्यांच्यावर बारीक रंग उडवायचा, एका ठिकाणाहून सोडायचे आणि पुढचे काही दिवस आजूबाजूच्या घरांत शोधायचे. रंगीत डास जिथे सापडेल तिथे नकाशावर खूण. रंगासाठी मी गुलाल निवडला, कारण तो घरात होता. रंगपंचमीच्या आधी सगळं संपवायचं, असं सरांनी बजावलं होतं, नाहीतर नाशकातला प्रत्येक डास आपला म्हणून मोजावा लागला असता.

पकडायला काचेची नळी आणि तिला जोडलेली रबरी नळी. काच डासावर ठेवायची आणि रबरी नळीतून श्वास आत ओढायचा, की डास आत. मधे जाळीचा तुकडा असतो, म्हणून तो तोंडात येत नाही. पहिल्या दिवशी मी तो तुकडा लावायचा विसरलो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

तबेल्यात डासांची काही कमी नव्हती. हिवतापाचा डास ओळखायला सोपा. बाकीचे डास भिंतीला समांतर बसतात, हा शेपूट वर उचलून तिरका बसतो, डोक्यावर उभं राहायचा सराव करत असल्यासारखा. पहाटे घोडीच्या मागच्या भिंतीवर असे कितीतरी तिरके डास असत, पोटं लालभडक फुगलेली. रक्त प्यायलेला डास उडायला आळशी. जेवण झालेल्या माणसासारखा जवळची भिंत धरतो आणि पडून राहतो. घोडीला माझं भिंतीपाशी घुटमळणं पसंत नव्हतं. तिने दोनदा माझी बाही धरली, आणि एकदा डासांचा कापडी पिंजराच लाथेने उडवला. त्या दिवशीचे डास बिनरंगाचेच गेले.

पुढे जमलं. पावडरच्या रिकाम्या डब्यात वस्त्रगाळ गुलाल भरला. पिंजऱ्याच्या कापडावरून डबा हलकेच दाबला की आत गुलाबी धुकं व्हायचं आणि त्यातून डास बाहेर यायचे. नुसत्या डोळ्यांना फारसं दिसत नसे, पण भिंगातून पाहिलं की पायांना, पाठीला गुलाल. मिरवणुकीतून परतल्यासारखे दिसायचे.

पहिल्यांदा सोडले तेव्हा दिवे लागायची वेळ होती. मी तबेल्याच्या मधोमध उभा राहून पिंजऱ्याचं तोंड उघडलं. मला वाटलं होतं, ते चहूकडे उधळतील. त्यांनी काय केलं, तर बाहेर येऊन हातभर अंतरावरच्या भिंतीवर बसले. काही तर पिंजऱ्यातून निघालेच नाहीत. मी फुंकर मारली, तर समोरच्या भिंतीवर गेले. शेवटी मी त्यांचा नाद सोडून जेवायला गेलो.

पुढचे दिवस मी रोज पहाटे टॉर्च आणि नळी घेऊन शेजारच्या घरांत जायचो. आधी दारात उभा राहून घसा साफ करायचो. घरातल्या बायका म्हणायच्या, ये ये, आलास का, आणि मग माझ्याकडून इतर कामंही करून घ्यायच्या. टॉर्च आणलाच आहेस तर खाटेखाली ढेकूण बघ. माळ्यावर उंदीर मेलाय का बघ. मी बघायचो. गुलाबी डास सापडायचे ते कॅलेंडरच्या मागे, खुंटीवरच्या कोटाच्या घडीत, पलंगाखाली, रांजणाच्या सावलीत. म्हणजे जिथे अंधार, गारवा आणि कोणाची वर्दळ नाही अशा जागी. वारा सुटला त्या दिवशी ते घराबाहेर पडलेच नाहीत. तबेल्यापासून चार घरं, सहा घरं, फार तर गल्लीच्या टोकापर्यंत. नकाशावर माझ्या खुणा तबेल्याभोवती माश्या घोंगावाव्या तशा जमा झाल्या. सर म्हणाले, छान आहे, पण त्यांचा चेहरा थोडा पडला. आपल्या गावचा डास घरकोंबडा निघाला होता.

आणि मग एका सोमवारी सर तास सुरू व्हायच्या आधीच प्रयोगशाळेच्या दारात उभे होते. त्यांच्या हातात काचेची बाटली, बाटलीत एक डास. त्यांनी मला भिंग दिलं. डासाचे मागचे दोन्ही पाय गुलाबी.

"कुठे सापडला असेल?" त्यांनी विचारलं.

मी गल्लीतल्या एका घराचं नाव घेतलं.

"माझ्या न्हाणीघरात. रविवारी सकाळी. भिंतीवर शेपूट वर करून बसला होता."

सर कॉलेजजवळ राहायचे. आमच्या तबेल्यापासून ते घर दोन मैलांच्या पुढे, आणि मधे गोदावरी. सरांनी नकाशा पसरला, पंचवटीतून एक तुटक रेघ सुरू केली, ती नदीवरून नेली, गावावरून नेली आणि आपल्या घरावर एक छोटी गुलाबी फुली काढली. इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले की हे लिहून काढायचं, पुण्याला प्राध्यापकांची एक बैठक आहे तिथे वाचायचं आणि त्यावर दोघांचं नाव घालायचं. माझंही. मलेरियाच्या कचेरीतही त्यांनी निरोप धाडला होता की तुमचं फवारणीचं वर्तुळ फार लहान आहे.

माझं नाव छापलं जाईल या कल्पनेने मी घरी जाताना दोनदा रस्ता चुकलो. पण नदीवर आलो तेव्हा मी पुलावर थांबलो. वारा एवढा होता की माझ्या हातातला कागद फडफडत होता. आमचा डास. फुंकर मारली तर समोरच्या भिंतीवर जाणारा. तो हे पाणी ओलांडून गेला?

दादा तेव्हा घोडीच्या तोंडाला दाण्याचा तोबरा बांधत होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं की शनिवारी कुठे कुठे गेला होतात. ते आठवत म्हणाले, "दोन खेपा रामकुंडाच्या. मग एक म्हातारी, मनमाडच्या गाडीनं आली. कॉलेजापाशी लेकाकडं जायचं म्हणाली. दारात पारिजातक हाय बघ त्या घरी सोडली. लय बोलकी. घोडीला गूळ दिला तिनं." पुढे म्हणाले, "तिला म्हटलं, आमचं पोरगं पण कॉलेजात हाय. डासांचं नाय सांगितलं. उतरून गेली असती."

सरांच्या दारात पारिजातक होता. आणि त्या शनिवारी सर मनमाडला गेले नव्हते, कारण त्यांची आईच नाशिकला आली होती.

मी टांग्यापाशी गेलो. टांगा रात्रभर तबेल्यातच असतो, घोडीच्या मागे. मागच्या बैठकीखाली गवताची पेंडी ठेवलेली, ओलसर, गार, काळोखी. वरती टपाच्या घडीत तसाच काळोख. मी डास असतो तर पोट भरल्यावर तिथेच पडलो असतो. सकाळी टांगा हलला तरी उठलो नसतो. उलट म्हणालो असतो, चला, बरं झालं.

आता मला दोन गोष्टी कळल्या होत्या. एक, तो डास उडाला नव्हता. दोन, हे सरांना सांगायचं तर टांगा कोणाचा हेही सांगावं लागणार.

मी तीन दिवस काही बोललो नाही. म्हणजे बोलायचा प्रयत्न केला, पण आडून. एकदा म्हणालो, सर, डास एखाद्या वाहनातूनही येत असतील. सर म्हणाले, शक्य आहे, पण पंचवटीतून माझ्या न्हाणीघरात कुठलं वाहन येतं? मी म्हणालो, बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी म्हणालो, वारा फार होता, सर. ते म्हणाले, अरे, म्हणूनच आश्चर्य आहे. मी म्हणालो, हो. माझ्या प्रत्येक शंकेने त्यांचा डास आणखी शूर होत होता.

तिसऱ्या दिवशी मलेरियाच्या कचेरीतला माणूस आला. त्याने तुटक रेघ पाहिली आणि कपाळाला हात लावला. इतकं मोठं वर्तुळ असेल तर एका तापकऱ्यापायी निम्मं नाशिक फवारावं लागेल, एवढी माणसं कुठून आणू, असं म्हणत तो गेला. जाताना जिन्यात मला म्हणाला, तुमचा सखोल अभ्यास दिसतोय. त्याच्या पिशवीत रक्ताच्या काचा होत्या. त्यांतली एखादी आमच्या गल्लीतली असणार. आमच्या गल्लीला मिळायची ती फवारणी माझ्यामुळे साऱ्या गावात पातळ होऊन जाणार होती.

मी जिन्यातून परत वर गेलो. सर लाल शाईने ती तुटक रेघ पक्की करत होते. निम्मी झाली होती, पुलापर्यंत आली होती.

"सर, तो डास उडून आला नाही."

"मग कसा आला?"

"टांग्यातून. तुमच्या आई ज्या टांग्यातून आल्या त्यातून. तो टांगा रात्री तबेल्यात असतो."

सरांनी पेन उचललं नाही. शाईचं टिंब नदीत पसरत गेलं. "तुला कसं माहीत, कुठला टांगा ते?"

"माझ्या वडिलांचा आहे, सर."

"तुझे वडील एस.टी.त आहेत ना?"

"नाही, सर. एस.टी. स्टँडवर असतात. टांगा चालवतात."

खाली मैदानावर कोणीतरी क्रिकेट खेळत होतं, त्याचा आवाज येत होता. सरांनी टीपकागद घेतला, नदीवरची शाई टिपली, पेनला टोपण लावलं. मग त्यांनी विचारलं, "आणि मनमाडच्या वेळा?"

"त्या त्यांनाच विचारून सांगत होतो."

"त्या कधी चुकल्या नाहीत," सर म्हणाले. एवढंच. वडिलांबद्दल पुढे काही नाही. त्यांच्या आईने त्यांना टांगेवाल्याच्या कॉलेजातल्या मुलाबद्दल सांगितलं होतं का, हे मला आजही माहीत नाही. विचारायचा धीर झाला नाही. थोड्या वेळाने ते मास्तरांच्या आवाजात म्हणाले, "तू म्हणतोस म्हणून मी मानणार नाही. मी म्हणालो तेव्हा तूही मानायला नको होतंस. आज संध्याकाळी पुन्हा डास सोड. उद्या सकाळी टांगा स्टँडवर आला की आपण बघू."

त्या संध्याकाळी मी डास सोडले आणि दादांना सांगितलं की उद्या सर टांगा बघायला येणार आहेत. त्यांनी का असं विचारलं नाही. सकाळी उठून पाहतो तर टांग्याची पितळी पट्टी चिंचेने घासलेली, घोडीच्या कपाळावर नवा गोंडा. नशीब, बैठकीखालचं गवत त्यांनी बदललं नव्हतं. मीच रात्री तीनदा बजावलं होतं की त्याला हात लावू नका.

सर आमच्या आधीच स्टँडवर येऊन थांबले होते. दादांनी त्यांना नमस्कार केला. सरांनीही केला, आणि पुढच्या क्षणी ते टॉर्च घेऊन बैठकीखाली अर्धे आत गेले. त्यांचे फक्त पाय बाहेर होते. बाकीचे टांगेवाले जमू लागले.

"काय मास्तर, दागिना हरवला का?" एकाने विचारलं.

मी म्हणालो, डास शोधतायत.

"मग आमच्या टांग्यात बघा ना. आमच्यात काय कमी हायेत?"

दुसरा म्हणाला की शोधणारा शिकलेला आहे, तेव्हा डासही शिकलेला पाहिजे, तो याच टांग्यात मिळणार. दादांनी घोडीचा लगाम घट्ट धरून ठेवला होता, कारण सरांची पाठ तिच्या फार जवळ नसली तरी तिने कान मागे टाकले होते.

सर बाहेर आले तेव्हा त्यांच्या केसांत गवत होतं. नळीत तीन डास. मग त्यांनी टपाच्या घडीत टॉर्च मारला आणि आणखी एक मिळवला. तिथेच, फूटपाथवर उकिडवं बसून आम्ही भिंग लावलं. चारांतले दोन गुलाबी. एकाच्या पोटात अजून रक्त होतं, तांबडं, ताजं.

"घोडीचं," मी म्हणालो.

"फुकट जेवण आणि फुकट प्रवास," सर म्हणाले. त्यांचा चेहरा पाहून मला भीती वाटत होती की ते नाराज असतील. पण शूर डास गेल्याचं दुःख त्यांना फार वेळ झालेलं दिसलं नाही. ते उठले आणि स्टँडवर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडे, टांग्यांकडे, ट्रकांकडे एकेक करून बघू लागले, जणू त्यांतला प्रत्येक आता कोणालातरी घेऊन निघाला होता.

मग ते दादांना म्हणाले, "मनमाडच्या गाड्यांच्या वेळा तुम्हीच सांगत होतात. वर्षभर माझी एकही गाडी चुकली नाही."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी चपलेच्या अंगठ्याकडे पाहिलं. तो अगदी ठीक होता.

"उभं राहून राहून पाठ झाल्यात, साहेब," दादा म्हणाले. "मला वाटायचं, पोरगं उगा बोलायला म्हणून विचारतंय. तेवढंच बोलायचा तो."

तासाची वेळ होत आली होती. सर म्हणाले, आता कॉलेजलाच सोडा. सर अंगाने भरलेले. ते बाटली मांडीवर घेऊन मागे बसले तसा टांगा मागे कलला. मी पायी यायला निघालो होतो. दादा म्हणाले, "पुढं बस माझ्याशेजारी. गाडी उलाळ झालीय, पुढं वजन पायजे." हे काही आग्रहाने म्हणाले नाहीत. टांग्याला पुढे वजन हवं होतं आणि मी तिथे उभा होतो.

कॉलेजच्या रस्त्याला माझे सगळे मित्र दिसले. बँकेतल्या वडिलांचा, वकिलाचा, आणखी चार-पाच. मी समोर बघत बसलो. त्यांच्यातल्या एकाने हात केला. दुसऱ्याने मागे बसलेल्या सरांना नमस्कार केला आणि मला ओरडून विचारलं की पुढे अजून एक जण बसतो का. दादांनी विचारलं, तुझा दोस्त का? मी हो म्हणालो. त्यांनी टांगा थांबवला आणि त्यालाही घेतलं. तो चढताना घोडीने त्याची वही चावली, आणि कॉलेजपाशी उतरताना सरांची बाही धरली.

अहवाल रंगपंचमीच्या दोन दिवस आधी पुरा झाला. सरांनी लाल रेघ खोडली नाही. तिच्या वर लिहिलं, उडून नव्हे, बसून. माझ्या खुणांचं तबेल्याभोवतीचं लहान वर्तुळ जसं होतं तसंच राहिलं, आणि त्याच्याखाली आम्ही लिहिलं की डास स्वतःहून फार लांब जात नाही, माणूस त्याला नेतो, म्हणून घरांबरोबर तबेले आणि वाहनंही फवारावीत. मलेरियाच्या माणसाने ते वाचून सुटकेचा श्वास सोडला. वाहनाच्या रकान्यात मी लिहिलं: टांगा, चालक माझे वडील. लिहिताना अक्षर थोडं मोठं आलं.

दादांना वाचता येत नव्हतं. पुण्याला पाठवायच्या आदल्या संध्याकाळी मी तबेल्यात बसून त्यांना सगळा अहवाल मोठ्याने वाचून दाखवला. ते घोडीला खरारा करत ऐकत होते. त्यांचा उल्लेख आला तेव्हा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. वाचून संपल्यावर त्यांनी खरारा खुंटीला लावला. मला वाटलं, आता एस.टी.बद्दल विचारतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं, खरं उत्तर.

"घोडीचं काय नाय लिहिलं?" ते म्हणाले.

मी म्हणालो, तिचं काय लिहायचं.

"रक्त तिचं. गाडी तिनं ओढली. आन् नाव सगळ्यांचं, डासाचंसुद्धा."

ते खरंच होतं. मी पेन काढलं आणि शेवटच्या पानाच्या तळाशी, सांगतील तसं लिहिलं. शाई निराळी असल्याने ती ओळ आजही माझ्याकडच्या प्रतीत उठून दिसते. रक्ताचा स्रोत: घोडी एक, रंग तांबडा, वय नऊ, स्वभाव शांत. यातलं शेवटचं मी त्यांच्या सांगण्यावरून घातलं. सरांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आपल्या बाहीवरच्या दातांच्या खुणेकडे पाहिलं आणि खाली सही केली.